पाणी पिणारे कापड आणि पाणी अडवणारे पायताण

(इयत्ता चौथीच्या पानातून)



जूनच्या ७-८ तारखेला मृग नक्षत्र लागते. आमच्या गगनबावड्याकडच्या भागात एकदा पाऊस धरला की तो गौरी-गणपतीपर्यंत सोडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस आमच्याच तालुक्यात पडतो. अशा पावसात दोन गोष्टींचा घोर असतो. बाहेर पाय भिजतात आणि आत घर भिजते. चिखल रस्त्यावरून पायताणाला, पायताणावरून पायाला, पायावरून उंबऱ्याला आणि उंबऱ्यावरून पार चुलीपर्यंत जातो. मग आई ओरडते. पण आई ओरडली म्हणून चिखल थांबत नाही. त्याला काहीतरी उपाय करावा लागतो.

या लेखात मी दोन कामांची माहिती देणार आहे. पहिले काम म्हणजे सुई-दोऱ्याने घरी शिवता येतील अशा चार वस्तू. दुसरे काम म्हणजे पावसात कोणते पायताण घालावे, कोणते घालू नये आणि का घालू नये. ही दोन कामे वेगवेगळी वाटतात. पण दोन्हींना एकच प्रश्न लागू पडतो. पाणी कुठे पिऊन घ्यायचे आणि कुठे अडवायचे? हे समजले की पुढचे सगळे सोपे आहे.

आधी दोन प्रयोग

हे प्रयोग आम्ही कार्यानुभवाच्या तासाला केले. तुम्हीही घरी करू शकता. पैसे लागत नाहीत.

पहिला प्रयोग. चार तुकडे घ्या. एक जुन्या सुती धोतराचा, एक टेरिकॉटचा, एक नायलॉनच्या साडीचा आणि एक सायकलच्या जुन्या ट्यूबचा. चारही तुकडे ताटात पसरा. प्रत्येकावर एक-एक चमचा पाणी सावकाश टाका. धोतराच्या तुकड्याने पाणी टाकल्याबरोबर पिऊन टाकले. टेरिकॉटने थोडे प्यायले, थोडे बाजूला सोडले. नायलॉनवरून पाणी ओघळून ताटात गेले. ट्यूबवर तर अळूच्या पानावर बसतात तसे थेंब गोल-गोल बसून राहिले.

असे का झाले? समईची वात आठवा. वात कापसाची असते आणि ती तेल वर ओढून घेते. कापसाच्या तंतूंना पाणी चिकटते आणि तंतूंच्या मधल्या बारीक फटींतून ते पुढे-पुढे सरकत जाते. सुती कापडात अशा लाखो वाती असतात असे समजा. नायलॉनचा धागा गुळगुळीत असतो आणि तो स्वतः फारसे पाणी घेत नाही. रबरात तर फटीच नसतात. टेरिकॉटमध्ये थोडा कापूस असतो, म्हणून ते मधले.

दुसरा प्रयोग. दुधाची रिकामी पिशवी धुऊन घ्या, पाण्याने भरा आणि तोंड घट्ट धरा. एक थेंबही गळत नाही. आता सुईने पाच टोचे मारा. लगेच पाच धारा लागतात. म्हणजे पिशवी चांगली होती, पण सुईने तिला भोके पाडली. शिवण म्हणजे काय, तर ओळीने पाडलेली भोके आणि त्यातून गेलेला दोरा.

यावरून आमच्या वर्गाने फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. जिथे पाणी प्यायचे तिथे सुती कापड, शिवण कितीही चालेल. जिथे पाणी अडवायचे तिथे रबर किंवा प्लॅस्टिक, शिवण जितकी कमी तितकी बरी.

शिवण्याची तयारी

साहित्य थोडेच लागते. एक मध्यम सुई, एक दाभण (पोती शिवायची मोठी सुई), जाड दोरा, कात्री, मोजपट्टी आणि बोटात घालायला अंगुस्तान. अंगुस्तान नसेल तर बोटाला चिंधी गुंडाळा. दाभण जोरात घुसते म्हणून ते वापरताना घरातले मोठे माणूस जवळ असावे.

टाके तीन यायला हवेत.

१) धावदोरा. सुई खाली-वर, खाली-वर करत पुढे जायचे. सगळ्यात सोपा. वाकळेला हाच टाका असतो.

२) उलटी टीप. एक टाका पुढे जायचे आणि अर्धा टाका मागे यायचे. वेळ लागतो, पण पक्की बसते. जिथे वजन पडते तिथे ही घालावी.

३) हेम. कापडाची कड दोनदा दुमडून बारीक तिरके टाके घालायचे, म्हणजे सुते निघत नाहीत.

एक सूचना लक्षात ठेवा. काम सुरू करताना सुया मोजा आणि काम संपल्यावर पुन्हा मोजा. घरात सगळे अनवाणी चालतात. सुई सापडत नसेल तर जमिनीवरून लोहचुंबक फिरवा. लगेच चिकटते.

आणखी एक सांगायचे आहे. काही जण म्हणतात, शिवणकाम मुलींचे. मग गावातले शिंपी मामा कोण आहेत? संत नामदेवांच्या घरी शिंपीकाम होते. संत रोहिदास चपला शिवत असत. एकाच्या हातात सुई, दुसऱ्याच्या हातात आरी. दोघेही केवढे मोठे संत झाले! तेव्हा मुलांनीही सुई हातात घ्यावी.

वस्तू पहिली : वेणीचे पायपुसणे

दारात एक नाही, दोन पायपुसणी हवीत. उंबऱ्याच्या बाहेर गोणपाटाचे आणि आत सुती कापडाचे. गोणपाट खरखरीत असते, त्यावर पाय घासला की चिखल खरवडून निघतो. पण पाय ओलाच राहतो. आतले सुती पायपुसणे ते पाणी पिते. एकट्याने दोन्ही कामे होत नाहीत.

बाहेरचे सोपे आहे. गोणपाट झटकून, धुऊन वाळवायचे, दुहेरी घडी घालायची आणि दाभणात सुतळी ओवून चारी बाजूंनी धावदोरा घालायचा. आतल्याची कृती अशी.

१) जुनी सुती साडी घ्या. नायलॉनची नको, ती पाणी पीत नाही हे आपण पाहिलेच. साडीच्या चार बोटे रुंद लांब पट्ट्या काढा. कात्रीने फक्त सुरुवात करा आणि पुढे हाताने फाडा. कापड धाग्याच्या रेषेत फाटते, म्हणून पट्टी सरळ निघते.

२) तीन पट्ट्यांची टोके एकत्र गाठून खिडकीच्या गजाला बांधा. केसांची घालतो तशी वेणी घाला. पट्टी संपत आली की तिच्या टोकाला दुसरी पट्टी शिवून जोडा. तिन्ही जोड एकाच जागी आणू नका, तिथे गाठोडे होते.

३) वेणी जमिनीवर सपाट ठेवून चकलीसारखी गुंडाळत जा. शेजारशेजारचे दोन वेढे जाड दोऱ्याने शिवत जा. पायपुसणे हातात उचलून शिवू नका, जमिनीवरच राहू द्या. दोरा फार ओढला तर मधला भाग वर येतो आणि पायपुसण्याची टोपली होते.

४) ४५ सेंटिमीटर रुंद झाले की बास. दोन्ही पाय आरामात मावतात. शेवटचे टोक खाली दुमडून उलटी टीप घाला.

एका साडीत अशी दोन पायपुसणी सहज होतात. दोन का? पावसात धुतलेले पायपुसणे दोन-दोन दिवस वाळत नाही. एक वाळेपर्यंत दुसरे हवे. ओलेच वापरत राहिले तर त्याला कुबट वास येतो, आणि पोट भरल्यासारखे ते आणखी पाणी पीत नाही.

फरशी असेल तर अजून एक काम करा. पायपुसण्याच्या खालच्या बाजूला सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे शिवा. गेल्या पावसाळ्यात माझी आजी दारातल्या पायपुसण्यासकट घसरली. तिच्या मनगटाला महिनाभर प्लॅस्टर होते. तेव्हापासून आमच्या पायपुसण्याला खाली ट्यूब आहे. रबर फरशीला धरून राहते. इथे रबराला भोके पडली तरी चालतात, कारण इथे ते पाणी अडवायला नाही, घसरण अडवायला आहे.

वस्तू दुसरी : चपला ठेवायची खिशांची पिशवी

पावसात सोप्यात चपलांचा ढीग पडतो. कोणाची चप्पल कोणाच्या खाली, आणि सगळ्या ओल्या. त्यासाठी भिंतीवर टांगायची पिशवी शिवावी. ही सुती कापडाची करू नका. ती चपलांचे पाणी पिऊन ओलीच राहील आणि तिला बुरशी येईल. इथे खताचे रिकामे पोते घ्या. ते प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे विणलेले असते, पाणी खाली निथळून जाते. पोते दोन-तीनदा धुऊन मोठ्यांना दाखवून मग घ्या. कीटकनाशकाची पिशवी मात्र कधीही घेऊ नका, धुतली तरी नाही.

कृती : पोते उसवून ५५ सेंटिमीटर रुंद असा पाठीचा तुकडा करा. कडा दोनदा दुमडून शिवा, कारण हे पोते भराभर उसवते. दुसरी पट्टी ७५ सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर उंच कापा. तिचे २५-२५ चे तीन भाग पाडून खुणा करा. पाठीच्या तुकड्यावर १८-१८ सेंटिमीटरवर खुणा करा. आता पट्टीची खूण पाठीच्या खुणेवर ठेवून उभी उलटी टीप घाला. प्रत्येक खिशाला ७ सेंटिमीटर जादा कापड मिळते, म्हणून खिसा फुगतो आणि जोड आत मावतो. हा गणिताचा भाग चुकवू नका. पट्टी पाठीएवढीच घेतली तर खिसे चपटे होतात, त्यात चप्पल जात नाही. खालून चुण्या घालून शिवा आणि प्रत्येक खिशाच्या तळाला कात्रीने दोन भोके ठेवा, म्हणजे पाणी गळेल. वर काठी घालून टांगा. खाली अशीच आणखी एक ओळ शिवली तर सहा जोड राहतात.

वस्तू तिसरी : कापडी तोरण

झेंडूचे तोरण पावसात दोन दिवसांत कुजते. कापडाचे वर्षभर राहते. शिंपी मामांकडे कातरण मिळते, त्यातले रंगीत तुकडे निवडा. १० सेंटिमीटरचे ११ चौकोन कापा. प्रत्येक चौकोन कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडला की त्रिकोण होतो. घडीच्या आत दोरी घालून घडीलगत धावदोरा घाला. प्रत्येक त्रिकोण आधीच्यावर अर्धा चढवा. ११ त्रिकोणांत साधारण ८४ सेंटिमीटर तोरण होते, आपल्या साध्या दाराला पुरते. टोकाला मणी किंवा जुनी बटणे लावा. घर एकदम सणासारखे दिसते.

वस्तू चौथी : फडताळाचा पडदा

फडताळाच्या रुंदीच्या दीडपट कापड घ्या, म्हणजे चुण्या छान पडतात. खाली हेम घाला. वर दोन बोटे कापड दुमडून नेफा शिवा आणि त्यात नाडी ओवून दोन खिळ्यांना बांधा. जुन्या साडीचे काठ खाली लावले तर पडदा नवा वाटतो. नाडी सोडली की पडदा धुवायला निघतो.

घरात शिवलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे वाकळ. दुसरीकडे तिला गोधडी म्हणतात. ती आम्हा मुलांना जमायची नाही, पण मोठ्यांना टाके घालू लागता येते. गावातल्या बायका वाकळा एप्रिल-मे महिन्यात शिवतात, कारण पावसात अंगणात पसरायला जागा नसते आणि शिवलेली वाकळ धुतली तर वाळत नाही. वाकळेच्या थरांमध्ये हवा अडकते, म्हणून ऊब येते. ती भिजली की हवेच्या जागी पाणी जाते आणि ऊब जाते. गाडगेबाबा अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र घालत, म्हणून लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. ते गावोगाव हातात खराटा घेऊन स्वच्छता करत. चिंधीला कमी लेखू नये हे त्यांच्याकडून शिकावे.

आता पायताणाकडे वळू

घरात पाणी पिणाऱ्या वस्तू झाल्या. आता बाहेर पाणी अडवायचे आहे.

आमच्या कोल्हापूरची चप्पल सगळीकडे प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. ही चप्पल चामड्याची असते. चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. जुन्या पद्धतीच्या चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवतात. चप्पल उन्हाळ्यात पायाला गार लागते. पण पावसात तिचे हाल होतात. चामडे पाणी पिते, फुगते, मऊ पडते. शिवणीच्या भोकांतून पाणी आत जाते आणि थर सुटतात. मग कोणी ती चुलीजवळ वाळवतात. ते तर अजूनच वाईट. चामडे कडक होऊन तडकते.

म्हणून मृगाच्या आधी आबा आपली चप्पल पुसतात, तेल लावतात, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवतात. बरोबर कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवतात. दसऱ्याला ती पुन्हा निघते. चप्पल वाईट नाही, तिचा हंगाम वेगळा आहे.

रबर कुठून आले?

रबराच्या झाडाला चीर दिली की दुधासारखा चीक येतो. भारतात रबराची झाडे सगळ्यात जास्त केरळात आहेत. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग भागातही रबराच्या बागा आहेत. फार पूर्वी दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या जंगलातले लोक मातीच्या साच्यावर हा चीक ओतून धुरावर सुकवत आणि जोडे बनवत. पण नुसते रबर उन्हाने चिकट होते आणि थंडीने कडक होते. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक घालून ते तापवले. तेव्हा रबर पक्के झाले. उन्हात चिकटेना, थंडीत तडकेना. त्यानंतर १८५३ मध्ये हायरम हचिन्सन यांनी फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला.

गमबुटाला इंग्रज लोक वेलिंग्टन बूट म्हणतात. वेलिंग्टन हा त्यांचा सेनापती. त्याचे बूट चामड्याचे होते, पण आकार तसाच उंच होता, म्हणून रबरी बुटाला त्याचे नाव पडले. हाच सेनापती १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी असईला लढला होता. असई गाव आपल्या महाराष्ट्रातच आहे, जालना जिल्ह्यात! गुरुजींनी हे सांगितले तेव्हा वर्गात सगळ्यांना नवल वाटले.

कोणते पायताण कशाला?

पट्ट्याची स्लीपर : स्वस्त असते, धुतली की लगेच वाळते. पण मागे पट्टा नसतो. पाऊल उचलले की टाच सुटते आणि स्लीपर मागून फटकन वर येते. तिच्यावरचा चिखल उडतो आणि पाठीवर, दप्तरावर शिंतोडे येतात. घराजवळ ठीक, शाळेच्या वाटेला नको.

मागे पट्टा असलेली रबरी किंवा प्लॅस्टिकची सँडल : शाळेला येण्यासाठी ही सगळ्यात बरी. टाच धरून राहते, शिंतोडे उडत नाहीत. पाणी आत आले तरी बाजूने निघून जाते.

कापडी बूट : हे पाणी पितात. सकाळी भिजले की संध्याकाळपर्यंत ओले. पाय दिवसभर भिजत राहतो. पावसात नकोत.

गमबूट : ओढ्याकडेला, गवतात, गोठ्यात उत्तम. हल्ली बरेच गमबूट प्लॅस्टिकचे असतात आणि साच्यात अखंड ओततात. शिवण नाही म्हणून पाणी येत नाही. पण एक तोटा आहे. वरून पाणी आत गेले तर तेही बाहेर जात नाही! आणि घाम आतच राहतो. म्हणून घरी आल्यावर गमबूट उपडा करावा, कागदाचे बोळे भरून सावलीत ठेवावा. घालण्याआधी नेहमी उलटा करून आपटावा. आत विंचू किंवा साप बसलेला असू शकतो.

पायताण घेताना तळवा बघा. ट्रॅक्टरच्या टायरला जशा खोल नक्ष्या असतात तशा तळाला हव्यात. शेवाळलेल्या दगडावर नक्षीच्या कडा धरून राहतात आणि मधल्या खोबणीतून पाणी निघून जाते. तळ झिजून गुळगुळीत झाला की पाय घसरतो.

पालकांना एक विनंती आहे. पुढच्या वर्षीही यावी म्हणून दोन नंबर मोठी चप्पल घेऊ नका. मोठी चप्पल चिखलात रुतून मागे राहते आणि मूल पुढे पडते. पट्टा तुटला तर टाकून न देता चप्पल दुरुस्त करणाऱ्या मामांकडे न्या. ते दोन मिनिटांत शिवून देतात. पट्ट्याला शिवण चालते, तळाला भोक चालत नाही.

शेतात मात्र अनवाणीच

भाताची रोप लावण चालू असते तेव्हा गुडघाभर चिखलात पायताण टिकत नाही. चिखल तळाला चारी बाजूंनी घट्ट बसतो, खाली हवा शिरत नाही आणि पायताण आतच ओढले जाते. म्हणून आई, काकी, सगळ्याजणी अनवाणीच उभ्या असतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यांच्या पायांची काळजी घरी आल्यावर घ्यावी लागते.

दिवसभर पाय ओले राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, फाटते, आग होते. हे बुरशीमुळे होते आणि बुरशीला ओल लागते. म्हणून पाय साबणाने धुऊन बोटांच्या मधली जागासुद्धा कोरडी करावी. त्यासाठी सुती कापड वेगळे ठेवावे. आमच्या आईसाठी दाराच्या खुंटीला असे कापड टांगलेले असते. बरे वाटले नाही तर आरोग्य केंद्रातून मलम आणावे.

फाटलेल्या कातडीतून दुसरे रोगही शिरतात. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतले जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात येतात. ते जखमेतून अंगात गेले की लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप येतो. अंग फार दुखते, डोळे लाल होतात. पावसाळ्यात असा ताप आला तर अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा आणि शेतात काम केल्याचेही सांगा. दुसरा शत्रू म्हणजे अंकुशकृमी. उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या ओल्या मातीत त्याची पिल्ले असतात. ती अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्यात जाऊन रक्त पितात. माणूस फिकट पडतो, थकतो. म्हणून शौचालयात जातानाही पायताण घालावे, आणि शाळेत जंताची गोळी देतात ती टाळू नये.

सगळ्यात मोठे भय सापाचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे मुख्य विषारी साप. साप पुष्कळदा पायालाच चावतो, कारण आपला पाय त्याच्यावर पडतो. रात्री बाहेर जाताना गमबूट आणि बॅटरी या दोन्ही गोष्टी हव्यात. साप चावलाच तर घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, तोंडाने चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चावलेला भाग हलवू नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखान्यात न्या. विषावरचे इंजेक्शन तिथे मिळते.

मित्रांनो, या लेखातल्या वस्तूंना फारसे पैसे लागत नाहीत. जुनी साडी, गोणपाट, खताचे पोते आणि फाटकी ट्यूब प्रत्येकाच्या घरी असते. येत्या रविवारी निदान एक पायपुसणे शिवायला घ्या. आपले झाले की शेजारच्या आजीलाही एक द्या, तिच्याही दारात पाऊस येतोच. आमच्या वर्गाच्या दारात चौथीच्या मुलांनी शिवलेली दोन पायपुसणी ठेवली आहेत. पालकांनी आत येताना त्यावर पाय जरूर पुसावेत. आधी बाहेरच्यावर घासायचे आणि मग आतल्यावर टिपायचे!

जाता जाता एक कोडे.

दोघे भाऊ जोडीने गावभर फिरती,
घराचा उंबरा मात्र न ओलांडती.
ओळखा पाहू!

(उत्तर शोधायला लांब जाऊ नका, आपल्या पायाकडे बघा.)